शिफारशीचा इतिहास : जगातील नाटके आणि चित्रपट रसिकांपर्यंत कसे पोहोचले



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्यासारख्या शिक्षकांचे एक कार्य कोणत्याही अहवालात नोंदले जात नाही. अभ्यासक्रमात नसलेले पुस्तक विद्यार्थ्याच्या हाती ठेवणे आणि ‘हे वाचून पाहा’ एवढेच सांगणे, हे ते कार्य होय. आजच्या व्याख्यानासाठी मी जो विषय निवडला आहे, तो याच लहानशा कृतीचा इतिहास आहे. एखाद्याने एक नाटक अथवा चित्रपट पाहिला. ज्याने तो पाहिलेला नाही त्याला त्याविषयी सांगितले. आणि त्या सांगण्यामुळे एक कलाकृती जगली, किंवा मरता मरता वाचली. जगाच्या रंगभूमीच्या आणि चित्रपटाच्या इतिहासात अशा घटना थोड्या नाहीत. त्यांपैकी काहींचा आढावा घेऊन त्यातून आपल्यासाठी काय बोध निघतो, हे पाहण्याचा माझा प्रयत्न राहील.

१

या व्यवहाराला मराठीत अनेक शब्द आहेत. ‘परीक्षण’ म्हणजे सर्व बाजूंनी पाहणे. ‘समीक्षा’ म्हणजे सम्यक् पाहणे. ‘रसग्रहण’ या शब्दात पाहणाऱ्याच्या आस्वादाला महत्त्व आहे. ‘शिफारस’ हा शब्द मात्र फारसीतून, दरबारी व्यवहारातून आपल्याकडे आला. त्यात पाहण्याचा अर्थ नाही. दुसऱ्यासाठी शब्द टाकण्याचा आहे. शिफारस करणारा आपली पत पणाला लावतो. ज्याची शिफारस केली तो नालायक ठरला, तर उणेपणा शिफारस करणाऱ्याकडे येतो. परीक्षण लिहिणाऱ्याने निर्णय दिला की त्याचे काम संपले असे पुष्कळदा मानले जाते. शिफारस करणाऱ्याचे काम तेथून पुढे सुरू होते.

आपल्या परंपरेला हा प्रश्न अपरिचित नाही. आपल्या कृतीची आज अवज्ञा झाली तरी काळ अनंत आहे आणि पृथ्वी विशाल आहे, केव्हातरी कोणी ‘समानधर्मा’ भेटेल, अशी आशा भवभूतीने ‘मालतीमाधवा’च्या प्रस्तावनेत व्यक्त केली आहे. ही प्रतीक्षा नाटककाराच्या हयातीत संपेलच असे नाही. चांगला समीक्षक ती कमी करतो. माझे प्रतिपादन थोडक्यात असे आहे : कलाकृतीविषयीचा पहिला निवाडा वारंवार चुकलेला आहे, तिला तारले ते बहुमताने नव्हे, तर नीट पाहून, पाहिलेले प्रामाणिकपणे सांगून, त्यासाठी आपली पत पणाला लावणाऱ्या एखाद्या साक्षीदाराने.

२

प्रारंभ लंडनपासून करू. हेन्रिक इब्सेनचे ‘घोस्ट्स’ हे नाटक १८८१ मध्ये प्रसिद्ध झाले होते. घरंदाज कुटुंबाच्या अब्रूआड दडलेला व्यभिचार आणि बापाकडून मुलाकडे आलेला रोग हा त्याचा विषय. इंग्लंडमध्ये तेव्हा नाट्यप्रयोगांवर सरकारी नियंत्रण होते. म्हणून जे. टी. ग्राइन याने ‘इंडिपेंडंट थिएटर’ ही संस्था स्थापून, केवळ वर्गणीदारांसाठी खाजगी प्रयोग या स्वरूपात, १३ मार्च १८९१ रोजी ते रंगभूमीवर आणले. दुसऱ्या दिवसापासून वृत्तपत्रांत जो गदारोळ उठला, त्याला तोड नाही. ‘डेली टेलिग्राफ’ने या नाटकाला उघड्या गटाराची उपमा दिली. किळसवाणे, अश्लील, रोगट अशा विशेषणांचा पाऊस पडला.

यावर इब्सेनचा अनुवादक आणि समीक्षक विल्यम आर्चर याने केलेला उपाय मोठा मार्मिक होता. त्याने नाटकाची बाजू मांडणारा लेख लिहिण्याऐवजी विरोधकांनी वापरलेले शिव्याशाप गोळा केले आणि एकापुढे एक मांडून छापले. ते एकत्र वाचल्यावर वाचकाला उमगले की, या सर्व मजकुरात राग भरपूर आहे, पण नाटकात काय घडते याचा पत्ता नाही. बर्नार्ड शॉने इब्सेनवरील आपल्या १८९१ मधील पुस्तकात हा संग्रह पुन्हा वापरला. पुढच्याच वर्षी, १८९२ मध्ये, शॉचे पहिले नाटक याच इंडिपेंडंट थिएटरने सादर केले. एका बदनाम प्रयोगाने उभी केलेली वाट अशी दुसऱ्या नाटककाराच्या उपयोगी पडली.

ही वाट पुढे आपल्या रंगभूमीपर्यंतही आली. १९३३ मध्ये ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक सादर केले. श्री. वि. वर्तकांनी ते इब्सेनचाच देशबांधव आणि समकालीन असलेल्या ब्यर्नसन याच्या नाटकावरून रचले होते. प्रवेशांची गर्दी टाळणारे, घरातील वास्तव संवादात मांडणारे हे नाटक नव्या तंत्राचा आरंभ म्हणून आज ओळखले जाते. पुढे माधव मनोहरांसारख्या समीक्षकाने कितीतरी मराठी नाटकांची परदेशी मुळे वाचकांपुढे ठेवली. त्यामुळे काही नाटककार दुखावले हे खरे. पण मूळ नाटकाची ओळखही त्या निमित्ताने मराठी वाचकाला झाली, हा लाभ दुर्लक्षिण्याजोगा नाही.

३

दुसरे उदाहरण रशियातील. आन्तोन चेखॉव्हच्या ‘सीगल’ या नाटकाचा पहिला प्रयोग सेंट पीटर्सबर्गच्या अलेक्झांड्रिन्स्की नाट्यगृहात १७ ऑक्टोबर १८९६ रोजी, जुन्या रशियन कालगणनेनुसार, झाला. तो प्रयोग एका लोकप्रिय विनोदी अभिनेत्रीच्या साहाय्यार्थ होता. साहजिकच प्रेक्षक हसण्याच्या तयारीने आले होते. नीनाची भूमिका करणारी कोमिसार्झेव्हस्काया ही थोर अभिनेत्री होती. पण गंभीर प्रसंगी हशा पिकू लागला आणि प्रयोग कोसळला. चेखॉव्ह नाट्यगृहातून बाहेर पडला, तो पुन्हा नाटक लिहायचे नाही असा निर्धार करून. नंतरच्या प्रयोगांना बरा प्रतिसाद मिळाला, तरी पहिल्या रात्रीची जखम भरली नाही.

या ठिकाणी व्लादिमिर नेमिरोविच-दान्चेन्को पुढे आला. तो स्वतः यशस्वी नाटककार होता. त्याच्या नाटकाला त्या काळी एक मानाचे पारितोषिक मिळाले, तेव्हा ते ‘सीगल’ला मिळायला हवे होते असे त्याने सांगितले. १८९८ मध्ये स्तानिस्लाव्हस्कीबरोबर त्याने मॉस्को आर्ट थिएटर स्थापन केले आणि ‘सीगल’ करण्याचा आग्रह धरला. मौज अशी की, स्तानिस्लाव्हस्कीला ते नाटक आरंभी कळलेच नव्हते आणि ही गोष्ट त्याने आपल्या आत्मचरित्रात मोकळेपणाने लिहिली आहे. चेखॉव्हही परवानगी द्यायला राजी नव्हता. नेमिरोविचने दोघांचे मन वळवले. १७ डिसेंबर १८९८ रोजी झालेला प्रयोग रशियन रंगभूमीच्या इतिहासातील एक सुवर्णक्षण ठरला. समुद्रपक्ष्याची आकृती त्या नाट्यसंस्थेचे चिन्ह झाली. यानंतर ‘थ्री सिस्टर्स’ आणि ‘द चेरी ऑर्चर्ड’ ही नाटके चेखॉव्हने याच संस्थेसाठी लिहिली. एका माणसाने शब्द टाकला नसता, तर ही नाटके लिहिली गेली असती की नाही, हा प्रश्न आपण विचारू शकतो.

४

आता नाटकाकडून चित्रपटाकडे वळू. नाटक अनुवादाच्या रूपाने प्रवास करते. चित्रपट डब्यात बंद होऊन जातो. परंतु तो डबा पाठवण्याचा निर्णय कोणीतरी घ्यावा लागतो.

अकिरा कुरोसावाचा ‘राशोमोन’ १९५० मध्ये जपानमध्ये प्रदर्शित झाला. एका रानात झालेला एक मृत्यू आणि त्याविषयी चौघांनी दिलेल्या चार परस्परविरोधी हकिकती, असे त्याचे स्वरूप. निर्मिती करणाऱ्या दाईएई कंपनीच्या प्रमुखालाच त्याचा अर्थ लागत नव्हता. व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवासाठी जपानकडे चित्रपट मागितला गेला, तेव्हा जुलियाना स्त्रामिजोली या इटालियन विदुषीने ‘राशोमोन’ची शिफारस केली. ती जपानमध्ये अध्यापन करत होती आणि इटालियन चित्रपटसंस्थेचे प्रतिनिधित्वही करत होती. कंपनी नाखूश होती. खुद्द कुरोसावाला आपला चित्रपट पाठवला गेल्याचे ठाऊक नव्हते. सप्टेंबर १९५१ मध्ये त्या चित्रपटाला व्हेनिसचे सर्वोच्च पारितोषिक, सुवर्णसिंह, मिळाले. त्या सुमारास कुरोसावाचा ‘इडियट’ अपयशी ठरला होता. मासेमारी करून हात हलवीत घरी परतल्यावर पत्नीने ही आनंदवार्ता सांगितली, असे तो आत्मकथनात लिहितो. जपानी चित्रपटासाठी पाश्चात्त्य जगाचे दार त्या दिवशी उघडले.

येथे एक शंका घेतली पाहिजे. परक्याने वाखाणले म्हणजेच आपली वस्तू चांगली, असे मानायचे काय? कुरोसावाने स्वतःच ही खंत व्यक्त केली आहे. परदेशी पसंती लाभल्याखेरीज आपल्या माणसांना आपल्या कलेचे मोल का वाटू नये, असा त्याचा प्रश्न होता. मराठी माणसाला या प्रश्नाचे उत्तर शोधताना ‘संत तुकाराम’ आठवावा. दामले आणि फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला प्रभातचा हा चित्रपट १९३६ मध्ये आला. १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात त्याचा गौरव झाला, हे आपण अभिमानाने सांगतो. परंतु त्यापूर्वीच सामान्य मराठी प्रेक्षकाने त्याला उचलून धरले होते आणि मुंबईत तो वर्षाहून अधिक काळ चालला. व्हेनिसने तुकारामाला मोठे केले नाही. व्हेनिसला तो दिसला, एवढेच. बाहेरची शिफारस आतल्या रसिकतेची जागा घेऊ शकत नाही, हे ध्यानात ठेवलेले बरे.

याच्या उलट बाजूचा दाखला ‘घाशीराम कोतवाल’चा. विजय तेंडुलकरांचे हे नाटक १९७२ च्या डिसेंबरात पुण्यात रंगभूमीवर आले आणि वादंगात सापडून एकोणीस प्रयोगांनंतर थांबले. ते करणाऱ्या तरुण कलावंतांनी ‘थिएटर ॲकॅडमी’ ही वेगळी संस्था काढली, नाटक पुन्हा उभे केले आणि १९८० मध्ये युरोपचा दौरा केला. येथे साक्षीदार समीक्षक नव्हते; नट, वादक आणि गायक हेच साक्षीदार होते. आपल्या नाटकावरचा विश्वास त्यांनी प्रयोग करून सिद्ध केला.

५

भारतीय रसिकांना जगाचा चित्रपट एकत्रितपणे प्रथम दिसला तो १९५२ मध्ये. फिल्म्स डिव्हिजनने आयोजित केलेला पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव २४ जानेवारीला मुंबईत सुरू झाला आणि मग मद्रास, दिल्ली, कलकत्ता अशा शहरांत नेण्यात आला. व्हित्तोरिओ द सिकाचा ‘बायसिकल थीव्ह्ज’ त्यात होता. सायकल चोरीला गेल्यामुळे रोजगार गमावण्याच्या बेतात आलेला बाप आणि त्याच्यामागून रोमचे रस्ते तुडवणारा लहान मुलगा, एवढीच त्याची कथा. भारताच्या चित्रपटांत शांतारामबापूंचा ‘अमर भूपाळी’ही होता. चाळीस चित्रपटांच्या त्या मेळ्याने अनेकांची दृष्टी बदलली. हाच महोत्सव २००४ पासून गोव्यात पणजी येथे भरतो आहे.

कलकत्त्याच्या एका तरुणाने मात्र हा चित्रपट त्याआधीच पाहिला होता. सत्यजित राय यांनी १९४७ मध्ये मित्रांसमवेत कलकत्ता फिल्म सोसायटी स्थापन केली होती. १९४८ मध्ये भारतीय चित्रपटाचे काय चुकते आहे यावर त्यांनी ‘स्टेट्समन’मध्ये लेख लिहिला होता. म्हणजे दिग्दर्शक होण्यापूर्वी ते समीक्षक होते. १९५० मध्ये नोकरीनिमित्त लंडनला गेले असता त्यांनी काही महिन्यांत सुमारे शंभर चित्रपट पाहिले. त्यांत ‘बायसिकल थीव्ह्ज’ होता. खऱ्या जागी, नवशिक्या नटांना घेऊन, थोड्या खर्चात चित्रपट होऊ शकतो ही खात्री त्यांना त्यातून मिळाली.

‘पाथेर पांचाली’चा पुढचा प्रवास म्हणजे शिफारशींची एक साखळीच आहे. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाचे मन्रो व्हीलर १९५४ मध्ये कलकत्त्यास आले असता त्यांनी अपुऱ्या चित्रपटाची छायाचित्रे पाहिली आणि तो आपल्या संग्रहालयात दाखवण्याची इच्छा दर्शवली. नंतर अमेरिकन दिग्दर्शक जॉन ह्यूस्टन भारतात आला; त्याने काही मिनिटांचा कच्चा भाग पाहून अनुकूल अभिप्राय कळवला. ३ मे १९५५ रोजी न्यूयॉर्कला आणि २६ ऑगस्टला कलकत्त्यास चित्रपट दाखवला गेला. १९५६ मध्ये कान महोत्सवातील पहिल्या खेळाला परीक्षकांची आणि पत्रकारांची उपस्थिती फार थोडी होती. तो पाहिलेल्या मोजक्या समीक्षकांनी, त्यांत इंग्लंडचा लिंडसे अँडरसन होता, पुन्हा खेळ लावण्याचा आग्रह धरला. तो लागला आणि ‘पाथेर पांचाली’ला सर्वोत्कृष्ट मानवी दस्तऐवज हे पारितोषिक मिळाले. येथे नुसती स्तुती लिहून भागले नसते. दुसरा खेळ लावून घेणे ही खरी शिफारस होती.

याउलट १९५८ मध्ये न्यूयॉर्कच्या एका वजनदार वृत्तपत्राच्या समीक्षकाने चित्रपटाची रचना ढिली आणि गती मंद असल्याची तक्रार केली. त्याच परीक्षणात चित्रपटातील करुणेने आपल्याला हळूहळू जिंकले असेही त्याला लिहावे लागले. प्रेक्षकांनी दुसरे वाक्य ऐकले. तेथील चित्रपटगृहात ‘पाथेर पांचाली’ आठ महिने चालला.

६

सॅम्युएल बेकेटचे ‘वेटिंग फॉर गोदो’ हे नाटक रॉजे ब्लँ याने ५ जानेवारी १९५३ रोजी पॅरिसमध्ये सादर केले. दोन भटके एका झाडाखाली गोदो नामक कोणाची तरी वाट पाहतात. तो येत नाही. लंडनमध्ये ३ ऑगस्ट १९५५ रोजी चोवीस वर्षांच्या पीटर हॉलने त्याचा इंग्रजी प्रयोग केला. दैनिकांच्या समीक्षकांनी त्याची वासलात लावली. नाटक बंद पडण्याच्या मार्गावर होते. त्याच आठवड्याच्या रविवारी ‘संडे टाइम्स’मध्ये हॅरल्ड हॉब्सन आणि ‘ऑब्झर्व्हर’मध्ये केनेथ टायनन यांनी त्याची बाजू घेतली. हॉब्सन तर पुढे कित्येक आठवडे त्याच नाटकाविषयी लिहीत राहिला. सप्टेंबरात ते मोठ्या नाट्यगृहात गेले.

याच नाटकाची अमेरिकेतील कथा अधिक बोधप्रद आहे. जानेवारी १९५६ मध्ये मायामी येथे त्याचा प्रयोग झाला, तेव्हा जाहिरातीत ते दोन खंडांना हसवणारे नाटक असल्याची बतावणी करण्यात आली. सुटीवर आलेले श्रीमंत प्रेक्षक करमणुकीसाठी आले आणि मध्येच उठून गेले. नाटकात खोट नव्हती. त्याची खोटी ओळख करून दिली गेली होती.

त्यानंतर १९ नोव्हेंबर १९५७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या एका नाट्यसंस्थेने हेच नाटक सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात सुमारे चौदाशे बंदिवानांपुढे केले. हे नाटक निवडण्याचे एक कारण असे की, त्यात स्त्रीपात्र नव्हते. दिग्दर्शक हर्बर्ट ब्लाऊ याने आरंभी थोडे बोलून प्रेक्षकांना इतकेच सुचवले की, संगीत ऐकावे तसे हे ऐका आणि त्यात तुम्हाला जे सापडेल ते घ्या. बंदिवान निःशब्द बसून राहिले. वाट पाहणे म्हणजे काय, हे त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. तुरुंगाच्या स्वतःच्या वृत्तपत्रात या प्रयोगाचे परीक्षण आले, आणि ते अनेक विद्वानांच्या परीक्षणांहून समंजस होते. रिक क्लुची नावाच्या बंदिवानाला प्रयोगाला बसण्याची मुभा नव्हती. त्याने कोठडीत ध्वनिक्षेपकावरून ते ऐकले. पुढे त्याने तुरुंगातच नाट्यशाळा सुरू केली आणि सुटकेनंतर खुद्द बेकेटच्या दिग्दर्शनाखाली भूमिका केली.

मायामी आणि सॅन क्वेंटिन या दोन प्रयोगांमध्ये दोन वर्षांचेही अंतर नाही. संहिता एकच. फरक पडला तो प्रेक्षकांत आणि त्यांना नाटकाची ओळख कशी करून दिली गेली यात. शिफारस करणाऱ्याने ‘हे चांगले आहे’ एवढे म्हणणे पुरेसे नसते. ते कोणासाठी चांगले आहे आणि कोणती अपेक्षा बाजूला ठेवून पाहावे, हे त्याने सांगितले पाहिजे.

हॉब्सनचे आणखी एक उदाहरण सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. हॅरल्ड पिंटरचे ‘द बर्थडे पार्टी’ हे नाटक १९ मे १९५८ रोजी लंडनमध्ये आले. दैनिकांनी ते निकालात काढले आणि आठवडाभरात, आठ प्रयोगांनंतर, ते बंद झाले. हॉब्सनने आपली सारी प्रतिष्ठा पणाला लावून केलेली प्रशंसा २५ मेच्या अंकात आली, तेव्हा नाटक आदल्याच दिवशी संपले होते. व्यवहाराच्या दृष्टीने ते परीक्षण निरुपयोगी ठरले. तरी त्या लेखाने एका निराश नाटककाराला धीर दिला, आणि २००५ मध्ये त्याच नाटककाराला साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. उशिरा पोहोचलेली साक्षही वाया जात नाही.

७

काही वेळा साक्षीदाराला वीस वर्षे थांबावे लागते. झाँ रन्वारचा ‘रूल्स ऑफ द गेम’ हा चित्रपट जुलै १९३९ मध्ये पॅरिसमध्ये लागला. युद्धाच्या तोंडावर उभ्या असलेल्या उच्चभ्रू समाजाचे खेळकर आणि निर्दय चित्र त्यात होते. प्रेक्षकांनी हुर्यो केली. रन्वारने त्यात काटछाट केली, तरी उपयोग झाला नाही. ऑक्टोबरात सरकारने मनोधैर्य खच्ची करणारा चित्रपट म्हणून त्यावर बंदी घातली. १९४२ मध्ये बॉम्बहल्ल्यात त्याची मूळ निगेटिव्ह नष्ट झाली. रन्वार परागंदा होऊन अमेरिकेला गेला; तेथून ‘द रिव्हर’ या चित्रपटाच्या तयारीसाठी १९४९ मध्ये कलकत्त्यास आला. तेथे चित्रीकरणाच्या जागा शोधण्यात त्याला मदत करणारा तरुण म्हणजेच सत्यजित राय.

फ्रान्समध्ये रन्वारची बाजू लावून धरणारा समीक्षक आंद्रे बाझाँ. युद्धोत्तर काळात तो कारखान्यांत आणि कामगारांच्या मंडळांत चित्रपट दाखवून चर्चा घडवून आणत असे. १९५१ मध्ये निघालेल्या ‘काये द्यु सिनेमा’ या नियतकालिकाचा तो एक संस्थापक. त्याच्याभोवती जमलेले तरुण समीक्षक त्रुफो, गोदार वगैरे पुढे दिग्दर्शक झाले. नोव्हेंबर १९५८ मध्ये अवघ्या चाळीसाव्या वर्षी बाझाँ वारला. पुढच्याच वर्षी, विखुरलेल्या तुकड्यांतून जवळजवळ पूर्ण जुळवलेला ‘रूल्स ऑफ द गेम’ व्हेनिसमध्ये दाखवण्यात आला आणि ही पुनर्रचित आवृत्ती बाझाँच्या स्मृतीस अर्पण करण्यात आली. दिग्दर्शकाने समीक्षकाचे ऋण असे फेडल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

ब्रिटनमधील ‘साइट अँड साउंड’ हे नियतकालिक दर दहा वर्षांनी जगातील समीक्षकांकडून सर्वश्रेष्ठ दहा चित्रपटांची यादी मागवते. १९५२ मध्ये अवघ्या चार वर्षांपूर्वीचा ‘बायसिकल थीव्ह्ज’ पहिला आला. १९६२ पासून २००२ पर्यंत ‘सिटिझन केन’ पहिला राहिला. २०१२ मध्ये हिचकॉकचा ‘व्हर्टिगो’ पहिला झाला. १९५८ मध्ये तो आला तेव्हा समीक्षकांत एकमत नव्हते. २०२२ मध्ये सोळाशेहून अधिक मतदारांनी शांताल आकरमन या बेल्जियन दिग्दर्शिकेचा १९७५ चा ‘जान दीलमान’ अग्रस्थानी नेला. ‘रूल्स ऑफ द गेम’ १९५२ पासून २०१२ पर्यंतच्या प्रत्येक यादीत पहिल्या दहांत होता. २०२२ मध्ये नव्हता. यावरून कोणी असा निष्कर्ष काढू नये की याद्या फोल असतात. प्रत्येक पिढीने आपल्या डोळ्यांनी पुन्हा पाहिले पाहिजे, इतकाच त्याचा अर्थ.

८

या सर्व हकिकतींतून चांगल्या परीक्षणाची काही लक्षणे हाती लागतात. पहिले, निवाड्याआधी वर्णन. इब्सेनच्या विरोधकांनी नाटकात काय आहे हेच सांगितले नाही, म्हणून त्यांचे लेखन आर्चरच्या संग्रहापुरते उरले. दुसरे, प्रेक्षकाची जाण. ती मायामीच्या जाहिरातदाराकडे नव्हती आणि ब्लाऊकडे होती. तिसरे, पुन्हा पाहण्याची तयारी. न कळलेले नाटक स्तानिस्लाव्हस्कीने बाजूला टाकले नाही. चौथे आणि सर्वांत महत्त्वाचे, शब्दापुढची कृती : पुन्हा खेळ लावणे, प्रयोग उभा करणे, कारखान्यात पडदा टांगणे.

आपल्या देशात हे चौथे लक्षण फिल्म सोसायट्यांच्या चळवळीने दाखवले. १९५९ मध्ये या मंडळांचा महासंघ स्थापन झाला आणि राय त्याचे अध्यक्ष होते. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झाले, पी. के. नायर यांनी जिवापाड कष्ट करून ते वाढवले. सतीश बहादुर यांनी ‘पाथेर पांचाली’चे दृश्य न् दृश्य उलगडून अनेक पिढ्यांना चित्रपटाचा रसास्वाद घ्यायला शिकवले. ‘रसास्वाद शिबिर’ हा आपल्या भाषेतील सुंदर शब्दप्रयोग याच चळवळीने रुळवला.

महाराष्ट्राच्या सीमेबाहेर पिढ्यानपिढ्या नांदणाऱ्या आपल्यासारख्या समाजाला तर या परंपरेचे मोल अधिक आहे. बेळगाव, इंदूर, बडोदे, ग्वाल्हेर येथील मराठी माणसाने मोठी नाटके नाटक मंडळ्यांच्या दौऱ्यांत पाहिली. जी आली नाहीत, ती नियतकालिकांतील परीक्षणांतून कल्पनेने पाहिली. ज्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये पुण्यात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, ते बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. गंधर्व नाटक मंडळीला बडोदे संस्थानचा आश्रय होता. कडेला राहणाऱ्याला दोन्हीकडचे दिसते. शेजारच्या भाषेतील चांगले नाटक मराठीला सांगणे आणि मराठीतील चांगले नाटक शेजाऱ्याला सांगणे, ही दुहेरी शिफारस आपल्याइतकी सोयीने दुसरा कोण करू शकेल?

आज परिस्थिती पालटली आहे. जगातील हजारो चित्रपट घरबसल्या उपलब्ध आहेत. पूर्वी वस्तू दुर्मिळ होती आणि साक्षीदार थोडे होते. आता वस्तू उदंड आहे आणि खरे साक्षीदार पुन्हा थोडेच आहेत. परीक्षणाची जागा ताऱ्यांच्या संख्येने घेतली आहे. यंत्रही शिफारस करते. मागे आपण काय पाहिले ते तपासून त्याच्यासारखे पुढे ठेवते. त्याची सोय मी नाकारत नाही. पण नेमिरोविचने स्तानिस्लाव्हस्कीला जे दिले, ते त्याच्या आवडीचे नव्हते. बंदिवानांनी ‘गोदो’ मागितला नव्हता. आपल्या आवडीच्या कुंपणाबाहेर नेणारी शिफारस यंत्राकडून क्वचितच येते, कारण यंत्राला पणाला लावायला पत नसते.

माजी विद्यार्थ्यांना माझी एकच विनंती आहे. आपण जगभर पसरला आहात. आपण जे पाहता ते या विद्यालयातील मुलांनी पाहिलेले नाही. वर्षातून एक नाटक, एक चित्रपट निवडा. त्यात काय घडते, ते कोणी पाहावे आणि का, हे दोन पानांत मराठीत लिहून विद्यालयाकडे पाठवा. शक्य असेल तर येऊन ते दाखवा, त्यावर मुलांशी बोला. मुलांना ते आवडणार नाही, अशीही शक्यता आहे. अलेक्झांड्रिन्स्की नाट्यगृहातही आवडले नव्हते. पण त्या गर्दीत एखादा मुलगा किंवा एखादी मुलगी अशी असेल की, जिला ते दहा वर्षांनी आठवेल.